ऑनलाइन कॉम्प्युटरचे पार्ट मागवताना या चुका टाळा (माझ्या बहुतेक करून झाल्यात)

मागच्या दिवाळीत भाच्याला मशीन जोडून द्यायचं ठरलं. ताईने बजेट दिलं, दाजींनी "जमेल ना नक्की?" असं दोनदा विचारलं आणि मी रुबाबात यादी केली. मदरबोर्ड इथे पुण्यात दुकानात ज्या भावाला होता त्यापेक्षा दिल्लीचा एक ऑनलाइन विक्रेता साडेअकराशे रुपयांनी स्वस्त देत होता, म्हटलं घेऊन टाकू. पार्सल चार दिवसांत आलं, घरी कोणी नव्हतं म्हणून वॉचमनने ठेवून घेतलं, मग वसुबारस, मग फराळ, मग पाहुणे, आणि प्रोसेसरच आला नाहीये तर बोर्ड उघडून करायचंय काय असं म्हणत खोका कपाटावर गेला तो बाराव्या दिवशी खाली उतरला. सॉकेटच्या, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, एका कोपऱ्यातल्या पिना वाकलेल्या. फोन केला तर पलीकडचा एकदम शांत, "सर, रिप्लेसमेंट सात दिन में होता है, और पिन तो आपने ही बेंड किया होगा."

आता यात मला फसवलं कोणी? थोडं त्याने, बरंचसं मी. सरळ पैसे खाऊन पळणारे विक्रेते असतात, नाही असं नाही, पण आपली गाठ जास्त वेळा पडते ती टोलवणाऱ्यांशी. ते पळत नाहीत, फोनही उचलतात, गोड बोलतात, फक्त आज-उद्या करत तारखा उलटू देतात. सात दिवस गेले की रिप्लेसमेंट संपलं, महिना गेला की तुम्ही कंटाळलात. आपल्या बहुतेक चुका या तारखेच्याच असतात, म्हणून त्या क्रमानेच सांगतो.

पहिली चूक, भाव बघणं आणि विकणारा न बघणं. मोठ्या साइटवर घेतलं म्हणजे त्या साइटने विकलं असं नसतं, खाली बारीक अक्षरात विक्रेत्याचं नाव असतं, तिथे टिचकी मारा. स्वतःची वेबसाइट असणारा असेल तर पत्ता आहे का, जीएसटी नंबर आहे का ते शोधा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, दिल्ली ०७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता तो नंबर टाकला की धंद्याचं नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झालीय ते दिसतं. "१५ वर्षांचा विश्वास" असं लिहिलेल्या दुकानाची नोंदणी तीन महिन्यांपूर्वीची निघाली तर चहा प्या आणि टॅब बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे, मी केलं नव्हतं.

आणि फार स्वस्त म्हणजे किती स्वस्त? पार्टच्या धंद्यात मार्जिन मुळात कमी, त्यामुळे पाच-सात टक्के इकडेतिकडे होतात. पण बाजारात तीस हजाराला असलेलं ग्राफिक कार्ड कोणी अठराला देत असेल तर तो एकतर क्रिप्टो माइनिंगमध्ये रात्रंदिवस चालवून पिळून काढलेला माल आहे, किंवा परदेशातून ग्रेमध्ये, कंपनीच्या अधिकृत वाटेने न येता आलेला, म्हणजे वॉरंटी इथे चालणार नाही, किंवा ते कार्डच नाही. उलटंही होतं. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले तेव्हा जुन्या भावात घेतलेल्या ऑर्डर "स्टॉक नाही" म्हणून रद्द करून तीच रॅम नव्या भावात लावणारे विक्रेते मी स्वतः बघितलेत. "इन स्टॉक" लिहिलं म्हणजे त्याच्या गोडाऊनमध्ये माल आहेच असं नाही, कित्येक जण तुमचे पैसे आले की मग माल शोधायला निघतात.

पैसे देताना

"सर वेबसाइट पे कार्ड का चार्ज लगता है, आप इस नंबर पे यूपीआय कर दो, दो पर्सेंट छोड देता हूँ." हे वाक्य ऐकलं की थांबा. कार्डाने दिलं असेल आणि माल आलाच नाही किंवा भलताच आला तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे दिलेले पैसे उलटे फिरवून मागता येतात, त्या चार्जबॅकला साधारण १२० दिवसांची मुदत असते पण बँकेप्रमाणे फरक पडतो म्हणून लवकर केलेलं बरं. एखाद्याच्या खासगी खात्यावर यूपीआय केलं म्हणजे हातात नोटा ठेवल्यासारखं आहे, मग मागत बसा. आणि रिफंड घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. "रिफंडची रिक्वेस्ट पाठवलीय, ॲक्सेप्ट करून पिन टाका" म्हणणारा विक्रेता नाही, चोर आहे. तिथे वाद घालत बसू नका, लगेच १९३० ला फोन, सायबर फ्रॉडची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कराल तितके पैसे वाटेत अडण्याची शक्यता जास्त.

पार्सल दारात आलं की

इथेच सगळा खेळ आहे, म्हणून जरा सविस्तर. ओपन बॉक्स डिलिव्हरीचा, म्हणजे कुरिअरवाल्यासमोर खोका उघडून बघायचा पर्याय असेल तर घ्याच. नसेल तर ओटीपी देण्याआधी निदान खोका फिरवून बघा, टेप दोन रंगांच्या आहेत का, कोपरा दबलाय का, पावसाळ्यात तर खोका ओला आहे का. कुरिअरवाला घाईत असतो, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून आलेला असतो बिचारा, पण सही करत असाल तर "खोका फाटलेला मिळाला" एवढं त्याच कागदावर लिहा. फोनवरून ओटीपी देऊन "वॉचमनकडे ठेवा" म्हणू नका, ओटीपी दिला म्हणजे माल व्यवस्थित मिळाला असंच रेकॉर्डला जातं.

लेबलवर वजन छापलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. माझ्या एका मित्राचं ग्राफिक कार्ड आलं, लेबलवर ४०० ग्रॅम. एवढं मोठं कार्ड खोक्यासकट किलोच्या वर जातं. आत काय होतं? जुना नेटवर्क स्विच आणि वर्तमानपत्राचे बोळे. लेबलचा फोटो होता म्हणून त्याचं भागलं, कारण कुरिअरनेच ४०० ग्रॅम मोजलंय म्हणजे अदलाबदल आपण घरी केलेली नाही हे आपोआप सिद्ध झालं.

व्हिडिओ काढायचा तर नीट काढा. खोका बंद असताना, सहाही बाजू, लेबलचा क्लोजअप, मग कट न करता उघडणं, मग सिरीयल नंबर. सिरीयल तीन ठिकाणी बघायचा, बिलावर, खोक्यावर आणि प्रत्यक्ष पार्टवर. मदरबोर्ड असेल तर प्रोसेसर बसवायच्या आधी सॉकेटचा मोठा फोटो घ्या, तिरक्या उजेडात, म्हणजे वाकलेली पिन लगेच दिसते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये नावाप्रमाणेच १७०० पिना आहेत, एएमडीच्या एएम५ मध्ये १७१८, आणि यातली एक जरी वाकली तरी "फिजिकल डॅमेज" म्हणून वॉरंटी नाकारतात. जुन्या एएम४ ला उलटं, पिना प्रोसेसरला असतात, म्हणजे तिथे फोटो प्रोसेसरचा.

आणि हो, खोके. सहा महिने तरी फेकू नका. आमच्याकडे दिवाळीच्या आवराआवरीत एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणारा डबा) खोका रद्दीवाल्याकडे गेला, आई म्हणाली रिकामा तर होता. तिचंही बरोबर.

माल खरा आहे का

नुसतं चालू झालं म्हणजे खरं, असं समजू नका. दोन टीबीचा पेनड्राइव्ह सहाशे रुपयांत घेतलात तर विंडोज त्याला दोन टीबीच दाखवेल, कारण आतली चिप तसं खोटं सांगते, आणि खरी जागा भरली की पुढच्या फाइल हवेत. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट टूल पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं, वेळ खातं पण रात्री लावून झोपा. ग्राफिक कार्डाला जीपीयू-झेड, कार्डाची माहिती दाखवणारं टूल. जुन्या चिपवर बायोस (कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्राम) बदलून तिला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकायचा धंदा इतका बोकाळला होता की २०१८ पासून जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावापुढे चक्क "फेक" असं लिहून दाखवतं.

हार्ड डिस्कला क्रिस्टलडिस्कइन्फो हे टूल लावून किती तास चाललीय ते बघा, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण तेवढ्यावर विसंबू नका. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीतल्या हाइझे या टेक बातम्यांच्या साइटने बाहेर काढलं की सीगेटच्या हजारो तास चाललेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जातायत आणि त्यांचे स्मार्ट आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या वापराची जी नोंद ठेवते ते, शून्य केलेले आहेत. पकडल्या कशा? सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, ती विकणाऱ्यांनी पुसली नव्हती. स्मार्टमॉनटूल्स या टूलच्या नव्या आवृत्तीत ही नोंद वाचता येते. दोन्हीकडचे तास जुळत नसतील तर डिस्क परत.

मात्र विक्रेत्याच्या अंगावर जायच्या आधी स्वतःचं तपासा, हे पण सांगायलाच पाहिजे. डिस्प्ले येत नाही म्हणून बोर्ड परत पाठवणाऱ्यांत प्रोसेसरची वरची आठ पिनची केबलच न लावणारे असतात, एफ अक्षराच्या इंटेल प्रोसेसरला अंगचं ग्राफिक नसतं हे माहीत नसल्याने मॉनिटरची वायर बोर्डाला लावणारे असतात, आणि जुन्या बी४५० बोर्डाचा बायोस अपडेट न करता त्यावर एएमडीचा नवा रायझन ५००० प्रोसेसर चढवणारे असतात. शक्यतो ओळखीच्या दुकानात दुसऱ्या मशीनवर लावून बघा, दोन-तीनशे घेतील, पण "हा पार्ट बंद आहे" असं त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या, पुढे उपयोगी पडतं.

भांडण फोनवर करू नका

फोनवर तो "हो सर, बघतो सर" म्हणतो आणि आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं, सगळ्यात जास्त दिवस इथेच जातात. फोन झाला की त्याच दिवशी मेल, "आज तुम्ही असं असं म्हणालात", खाली बिल, फोटो, आणि काय हवंय ते एका ओळीत, बदली की पैसे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निकाली काढायची असते. माल खराब, नकली, जाहिरातीपेक्षा वेगळा किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आलेला असेल तर विक्रेता परत घ्यायला नाही म्हणू शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे. "नो रिटर्न नो रिफंड" बिलावर छापलं म्हणून कायदा बदलत नाही. खराब माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं ही २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित प्रथा आहे, आणि बिल न देणं हीसुद्धा.

तरी ढिम्म असेल तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नोटीस पोस्टाने पाठवायची तर रजिस्टर्ड पोस्ट विसरा, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात मिसळलंय, सिटी पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा. त्यापुढे ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे पुण्याच्या जिल्हा आयोगात करता येते, ऑनलाइनही होते, ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, मुदत २ वर्षं. फक्त एक खोच आहे. १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं म्हणून बिल कंपनीच्या नंबरवर घेतलं असेल तर समोरचा म्हणणार हे ग्राहकच नाहीत, धंद्यासाठी घेतलंय, आणि मग तिथेच घोडं अडतं. घरचा माल घरच्या नावावर घ्या.

माझ्या बोर्डाचं काय झालं? फोटो नव्हता, व्हिडिओ नव्हता, सात दिवस उलटलेले. दाजींनी सहज बिल हातात घेतलं आणि म्हणाले, अरे, यावरचा नंबर आणि बोर्डावरचा नंबर वेगळा आहे. म्हणजे मला विकलेला बोर्ड मला पाठवलाच नव्हता, कोणीतरी परत केलेला पीस माझ्या गळ्यात मारला होता. त्या एका गोष्टीवर मेल, मग १९१५ ला तक्रार. पंधरा-वीस दिवसांनी फोन, "सर आप कंप्लेंट क्लोज कर दो, हम रिफंड डाल देते है." मी म्हटलं आधी रिफंड. अशी तक्रार बंद करून बसलेले दोघे माझ्या ओळखीत आहेत, त्यांचे पैसे अजून येतायत. मी अडून बसलो, चार दिवसांनी माझे आले, कुरिअरचे २८० रुपये कापून. त्या २८० साठी परवा परत मेल टाकलाय. भाचा म्हणतो, मामा, सोड आता.