डायरीत खाडा पडला तर पडू दे

आमच्याकडे दुधाचा हिशोब अजूनही कालनिर्णयवरच असतो. दूध नाही आलं किंवा आपण गावाला गेलो की त्या तारखेच्या चौकोनात ‘खाडा’ लिहायचं आणि महिनाअखेरीस तेवढे पैसे वजा. खाडा पडला म्हणून कोणी दूधच बंद केलंय असं मी तरी बघितलं नाही. डायरीचं मात्र आपण नेमकं तेच करतो, १ जानेवारीला एकदम सुवाच्य अक्षरात सुरुवात, मग पाहुणे आले की ४ तारीख गेली, ५ पण गेली, आणि ती कोरी पानं बघून इतकं कसंतरी होतं की वही थेट कपाटात. माझ्याकडे अशा पाच वह्या आहेत, पुढची दहा पानं आयुष्याबद्दल आणि मागे किराण्याच्या याद्या.

सहावी टिकली. ती कशी ते सांगते.

आधी ते इन्स्टावरचं डोक्यातून काढा, रंगीत टेपा आणि फुलाफुलांची अक्षरं वगैरे. क्रिएटिव्ह जर्नल म्हणजे लिहिणं, थोडं रेखाटणं आणि थोडं चिकटवणं, बास. चित्र येत नसलं तरी चालतं, मला येत नाही.

वही घेताना छापील तारखांची घेऊ नका. बँकेची नाहीतर एलआयसीची डायरी फुकट मिळते म्हणून मोह होतो, पण त्यात प्रत्येक चुकलेल्या दिवसाचं एक कोरं पान आपल्याकडे बघत बसतं. साधी ए-फाइव्ह आकाराची (ए-फोरच्या निम्मी) घ्या, बिनरेघांची किंवा ठिपक्यांची. कागद बोटांनी चाचपून बघा. कागदाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, अशी सांगतात. शाळेच्या वहीचा कागद ६० जीएसएमच्या आसपास असतो, शाईपेनने लिहिलं की मागे उमटतं आणि ओला ब्रश लागला की पानाचा पापड होतो. १०० जीएसएमवर पेन, स्केचपेन बऱ्यापैकी निभावतं. वॉटरकलरच करायचा असेल तर ३०० जीएसएमचा वेगळा कागद घ्या, त्यावर रंगवा आणि वाळला की तुकडा कापून वहीत चिकटवा. मी पुण्यात अप्पा बळवंत चौकातून घेते, पण कुठलंही बऱ्यापैकी स्टेशनरीचं दुकान चालेल. फार महागडी वही नको हं, पहिलं पान खराब होईल म्हणून हातच लावत नाही आपण. मी तर पहिल्या पानावर मुद्दाम चहाचा कप टेकवून गोल डाग पाडला, एकदा घाण झाली की मग भीती जाते.

आता वेळ. ‘रोज रात्री झोपताना’ हे ऐकायला छान वाटतं पण रात्री मी पेन हातात घेऊन झोपते. त्यापेक्षा रोज आपोआप होणाऱ्या कशाला तरी वही बांधून टाका. माझं असं की लेकीची स्कूलबस गेली की दुसरा चहा टाकायचा, तो उकळून पिऊन होईपर्यंत दहा मिनिटं वहीची. आणि वही ओट्याजवळ चहा-साखरेच्या डब्यांशेजारी, पेन तिच्यातच अडकवलेलं. आत ड्रॉवरमध्ये ठेवायचे तेव्हा आठवडाभर उघडलीच जायची नाही.

२१ दिवसांत सवय लागते वगैरे जे फिरतं त्यावर जाऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास आहे, ९६ जणांचा, त्यात फळ खाणं, पाणी पिणं, चालणं असल्या सवयी अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४. आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही असंही त्यात दिसलं. म्हणजे खाडा चालतो!

लिहायचं काय हा खरा प्रश्न. मी लिंडा बॅरी नावाच्या अमेरिकन कार्टूनिस्ट बाई शिकवतात ती पद्धत माझ्या सोयीने वापरते. पानाचे चार भाग करायचे, एकात काय केलं, दुसऱ्यात काय पाहिलं, तिसऱ्यात काय ऐकलं, चौथ्यात चित्र. भावना, विचार, आयुष्याचा अर्थ यातलं काही नाही. नमुना देते:

केलं – गॅसचा नंबर लावला, पंख्याचा आवाज येतोय म्हणून कागदाची घडी अडकवली.
पाहिलं – सिग्नलला स्कूटरवर मागे बसलेल्या आजी, मांडीवर मिक्सर.
ऐकलं – भाजीवाल्या मावशी, “कोथिंबिरीचा भाव नका विचारू ताई, नुसती बघून जा.”
चित्र – तो मिक्सर. इस्त्रीसारखा दिसतोय.

सगळ्यात मजा ‘ऐकलं’मध्ये आहे. सुरुवातीला तो चौकोन रोज रिकामा राहायचा, कारण आपण कानात हेडफोन घालून हिंडतो. दोन-तीन आठवडे गेले की कान आपोआप टवकारतात, लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत, जिन्यात. फक्त वाक्य जसंच्या तसं लिहा, ‘ते महागाईबद्दल बोलत होते’ असं लिहिलंत तर त्यातला जीवच जातो. लक्षात राहत नसेल तर तिथल्या तिथे मोबाईलवर टाइप करून ठेवा आणि सकाळी उतरवा.

चिकटवाचिकटवी मी रविवारी करते. फेविकॉल पातळ कागदाला सुरकुत्या पाडतो, ग्लू स्टिक बरी. मशीनमधून निघणारी तिकिटं आणि बिलं काही महिन्यांत पांढरीफटक होतात, म्हणून तारीख आणि गाव लगेच पेनने शेजारी लिहा. फूल-पान आधी रद्दीत घालून जाड पुस्तकांखाली आठवडाभर दाबा, ओलं लावलंत तर पावसाळ्यात बुरशी धरते, माझं चाफ्याचं फूल असंच गेलं आणि सोबत तीन पानंही. वही फुगायला लागली की मधूनमधून एखादं पान शिवणीपाशी बोटभर पट्टी ठेवून कापून टाका.

घरातलं कोणी वाचेल ही भीती असतेच, एकत्र घरात तर जास्तच. जुन्या लोकांचं बरं होतं, मोडी लिपीत लिहून ठेवलं की नातवंडांसाठी आपोआप लॉक! मी खासगी मजकूर असलेलं पान आत दुमडून कडेला ग्लू लावते, आणि अगदीच आतलं काही असेल तर लिहिते आणि फाडून टाकते.

आणि खाडा पडला की मागचं भरून काढत बसू नका, गृहपाठ होतो त्याचा. पुढच्या ओळीवर तारखा टाकायच्या, एक कारण लिहायचं आणि आजचे चौकोन आखायचे. माझ्या वहीत आहे, ‘१२ ते १९ खाडा. आई हॉस्पिटलमध्ये.’ त्याखाली लगेच, ‘पाहिलं – डिस्चार्जच्या दिवशी आईने स्वतः वेणी घातली.’

वही संपली की कण्यावर पहिली आणि शेवटची तारीख लिहा. कपाटात ठेवताना सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका आणि पावसाळ्यानंतर एकदा उन्हं दाखवा, नाहीतर कसर लागते.