पोट सुटलंय? मग किल्टवर कोणतं जॅकेट घ्यावं

स्कॉटलंडमध्ये लग्नासाठी किल्ट, म्हणजे पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, भाड्याने घ्यायला गेलात की दुकानदार त्यावर बहुधा ‘प्रिन्स चार्ली’ जॅकेट पुढे करतो. अंगाने भरलेल्या माणसाने लगेच हो म्हणू नये. हे जॅकेट कमरेशीच संपतं, पुढून बंद होत नाही, आतला वेस्टकोटही तीनच बटणांचा आणि खोल गळ्याचा. नजर थेट पोटावर जाते. त्याऐवजी चंदेरी बटणांचं काळं ‘अर्गाइल’ मागा. ते जरा लांब असतं, कुशी झाकतं, आणि सोबतच्या पाच बटणांच्या वेस्टकोटमुळे छातीपासून खालपर्यंत सरळ उभी रेघ दिसते. बो टाय लावला की संध्याकाळच्या समारंभालाही ते छान शोभतं. ‘मोंट्रोज डब्लेट’ नावाचं जॅकेट देखणं खरं, पण त्यावरून रुंद पट्टा बांधतात, म्हणून टाळलेलंच बरं.

किल्ट पँटसारखा पोटाखाली बांधू नका, बेंबीच्या पातळीवर बांधा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. माप देताना पोट आत ओढू नका. मग सगळं चढवून खुर्चीत बसा आणि हात वर करा. वेस्टकोट आणि किल्टच्या मध्ये शर्टाची पांढरी पट्टी डोकावली, तर लांब वेस्टकोट मागून घ्या.