जुनं शिलाई मशीन घेतलं आणि मन खट्टू झालं, तर…

राजापूरच्या एका घरातलं काळं पायमशीन मी ३,५०० रुपयांना घेतलं. पडवीत झाकून ठेवलेलं होतं, अंगावरची सोनेरी वेलबुट्टी अजून शाबूत होती. टेम्पोत घालून घरी आणलं, दोरा ओवला, आणि पहिल्याच शिवणीला कापडाच्या खाली दोऱ्याचं जाळं झालं. रात्रभर डोळा लागला नाही. चार दिवसांनी गावातले शिंपीकाका आले. त्यांनी कापड दाबून धरणारा फूट वर उचलला, वरचा दोरा काढून पुन्हा ओवला, आणि टाका सरळ पडला. फूट खाली असताना टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात, त्यामुळे दोरा त्यांच्यामध्ये बसलाच नव्हता.

तेव्हापासून कुणी 'जुनं मशीन घेतलं, पण…' म्हणत आलं की मी पुढच्या क्रमानेच बघायला सांगते.

आधी काही फिरवू नका, फोटो काढा

मशीन जसं आलं तसं चारी बाजूंनी फोटो काढा. अंगावर कोरलेला नंबर टिपून ठेवा. चालवून बघताना छोटा व्हिडिओ करा. पावती, पैसे पाठवल्याची नोंद, विकणाऱ्याशी झालेले मेसेज यातलं काही पुसू नका. स्क्रूही तूर्त जागेवरच राहू देत. बॉबिनच्या (खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या) डबीचा बारीक स्क्रू उगाच फिरवला की मूळ दोष कुठला आणि आपण केलेला कुठला, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

मग हाताने चाक फिरवा

सुईत दोरा न घालता, फूट वर ठेवून मशीनच्या उजवीकडचं चाक स्वतःकडे फिरवा. नेहमी स्वतःकडेच. पायडल मारताना चाक उलटं गेलं तर दोरा शटलमध्ये, म्हणजे खालून दोरा पकडून टाका घालणाऱ्या भागात, अडकतो, आणि नवख्या हातांची निम्मी तुटातूट यातूनच होते.

चाक फिरतंय पण सुई हलत नाही? चाकाच्या मधोमध असलेला गोल नट घट्ट करा. बॉबिन भरताना तो ढिला करतात आणि तसाच विसरतात. 'मशीन मेलेलं निघालं' म्हणून रडवेली झालेली एक वहिनी एवढ्याने हसत घरी गेलेली मी पाहिली आहे.

चाक जड जात असेल तर शटल काढून मागे दोऱ्याचे तुकडे अडकलेत का बघा. खाली पायडलच्या चाकाच्या आसावरही दोरे गुंडाळलेले असतात. बाकी जडपणाचं कारण आपल्याकडे बहुतेक वेळा एकच: खोबरेल. घरात असतं म्हणून कोकणात लोक मशीनला तेच घालतात. ते कालांतराने चिकट होऊन आत बसतं. त्यावर उपाय म्हणजे तेलाच्या भोकांत थोडं रॉकेल सोडायचं, चाक हाताने फिरवत राहायचं, काळं पाणी फडक्याने टिपायचं, आणि रॉकेल उडून गेल्यावर मशीनचं पांढरं तेल एकेक थेंब घालायचं. हे चुलीपासून, दिव्यापासून लांब, उघड्या खळ्यात करा. एका रात्रीत फरक पडला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. वर्षानुवर्षं साचलेला चिकटा आहे, वेळ लागतो.

सुई, दोरा, बॉबिन

नवीन सुई घाला. जुन्या मशीनसोबत आलेली सुई मी कधीच वापरत नाही. साध्या सुती कापडाला १४ नंबर, जाड कापडाला १६. सुईची सपाट बाजू शटलच्या टोकाकडे हवी, आणि लांब खाच ज्या बाजूला असेल त्या बाजूने दोरा ओवायचा. हे उलटं झालं तर टाका पडतच नाही, किंवा मध्येमध्ये सुटतो, आणि दोष मशीनला लागतो.

आता वर लाल दोरा, बॉबिनमध्ये पांढरा. सुती कापडाची दुहेरी घडी घालून वीतभर शिवण मारा. खालच्या बाजूला लाल फासे दिसले तर वरचं टेन्शन ढिलं आहे, किंवा दोरा चकत्यांत बसलेला नाही. पांढरा दोरा वर ओढला गेला तर वरचं टेन्शन जास्त आहे. बॉबिनची डबी दोरा धरून लोंबकळू द्या. आपोआप सरसर खाली आली तर ढिली, हलका झटका दिल्यावर थोडी उतरून थांबली तर ठीक. कापड पुढे सरकत नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आहे का पाहा, आणि पट्टीखालच्या दात्यांतली धूळ ब्रशने काढा. पायडलचं चाक आणि वरचं चाक जोडणारा पट्टा घसरत असेल तर तो बोटभर कापून तारेने पुन्हा जोडा. चामड्याचा पट्टा सैल होतोच.

नवीन सुई घालूनही टाके सुटत असतील तर सुई आणि शटलचा मेळ बिघडलेला असू शकतो. हे काम मेकॅनिकचं आहे, घरी करू नका.

विजेची मोटर असेल आणि वायरची रबरी साल तडकलेली असेल, तर पिन लावूच नका. बोटीवर नोकरीला असलेल्या कुणी जपान किंवा अमेरिकेतून आणलेलं मशीन असेल तर मागची पाटी वाचा. १००–१२० व्होल्टचं मशीन आपल्या २३० व्होल्टला थेट लावलं तर मोटर जळते.

आता खरा दोष शोधा

सुईचा दांडा बोटाने हलवून बघा, खडखडत असेल तर झीज आहे. शटलचं टोक नखावर फिरवा, बोथट किंवा खरबरीत लागतं का पाहा. लोखंडाच्या अंगाला, विशेषतः पायाजवळ, तडा आहे का तपासा.

आणि पुराचं पाणी. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, दुकानांत आणि घरांत तळमजले बुडाले. असं बुडालेलं मशीन बाहेरून रंगवून विकायला येऊ शकतं. तेलाच्या भोकांत सुकलेला गाळ, स्टँडच्या पायांना एकाच उंचीपर्यंत गंज, फळीचे पापुद्रे सुटलेले, या खुणा बघा. पावसाळ्यातला साधा गंज वेगळा असतो, तो वरवरचा असतो आणि तेलाने निघतो.

तुमची नाराजी नेमकी कशाबद्दल?

इथे थांबून स्वतःला विचारा. मशीन बिघडलेलं आहे, विकताना खोटं सांगितलं, की मशीन चांगलंच आहे पण तुमच्या कामाचं नाही? काळं सरळ टाक्याचं मशीन परकर, ब्लाउज, उशांचे अभ्रे उत्तम शिवतं. साडीला पिको हवा असेल तर ते त्याचं कामच नाही. त्यासाठी विकणाऱ्याशी भांडू नका.

खोटं सांगितलं असेल तर लगेच जा, महिनाभर थांबू नका. शेजारी किंवा नात्यातल्या घरून घेतलं असेल तर 'फसवलंत' हा शब्द तोंडातून निघता कामा नये. 'काकी, तुमच्याकडे कधी टाका सुटायचा का?' असं विचारा. बऱ्याचदा त्यांनाही माहीत नसतं, कारण मशीन दहा वर्षं बंद असतं आणि मुंबईचा मुलगा गणपतीत येऊन ते विकून टाकतो. दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा, हा तोडगा मी तीन-चार घरांत निघताना पाहिला आहे. घरगुती विक्रीत कायदा फारसा कामाला येत नाही.

जुनी मशीन विकणं हाच धंदा असलेल्या दुकानातून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो, वस्तू जुनी असली तरी. जो दोष दाखवून भाव कमी केला होता, त्याबद्दल मात्र तक्रार टिकत नाही. आधी लेखी मागणी द्या: दुरुस्ती, नाहीतर बदली, नाहीतर पैसे परत. तारीख घाला आणि प्रत ठेवा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत २ वर्षांची आहे. मशीन कोल्हापुरात किंवा मुंबईत घेतलेलं असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. स्वतः शिवणकाम करून पोट भरणाऱ्या बाईलाही हा कायदा ग्राहकच मानतो, हे मुद्दाम सांगते, कारण 'तुम्ही धंद्यासाठी घेतलंत' म्हणून दुकानदार उडवून लावतात.

ठेवायचं ठरलं, किंवा विकायचं ठरलं

ठेवायचं असेल तर मृगाच्या आधी तेल घाला, चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवा, प्लॅस्टिकऐवजी सुती कापडाने झाका. पावसाळाभर दर आठवड्याला चार मिनिटं तरी चालवा, नाहीतर आतले सांधे धरतात.

विकायचं असेल तर घेणाऱ्यासमोर दोन रंगांचे दोरे लावून शिवून दाखवा. जे दुरुस्त केलं आणि जे राहिलं, ते कागदावर लिहून द्या, दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा.