जँगो पहिल्यांदाच आपल्या कॉम्प्युटरवर चालवताना

जँगो (django) म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बनवण्याचं तयार साधन. पायथन आधीच इन्स्टॉल आहे असं धरून चालू. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत; टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.

१. नवा फोल्डर करा, टर्मिनलमधून त्यात जा आणि ‘पायथन -एम व्हेनव्ह एन्व्ह’ (python -m venv env) चालवा. याने या प्रोजेक्टपुरतं पायथनचं वेगळं एन्व्हायर्नमेंट तयार होतं. मॅक किंवा लिनक्सवर पायथनऐवजी ‘पायथन३’ लागू शकतं. मग ते चालू करायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एन्व्ह\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट’, इतरत्र ‘सोर्स एन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट’. ओळीच्या सुरुवातीला कंसात ‘एन्व्ह’ दिसलं की जमलं. ही पायरी गाळू नका. पुढे दुसऱ्या प्रोजेक्टला जँगोची वेगळी आवृत्ती लागली, तर दोन्ही एकमेकांच्या पायात येतील.

२. ‘पिप इन्स्टॉल जँगो’, मग ‘जँगो-ॲडमिन स्टार्टप्रोजेक्ट’ आणि पुढे प्रोजेक्टचं नाव. नाव ‘टेस्ट’ किंवा ‘जँगो’ दिलंत तर नकारघंटा ऐकायला मिळेल, कारण त्या नावांची मॉड्यूल आधीच असतात.

३. ‘मॅनेज.पीवाय’ ज्या फोल्डरात आहे तिथे शिरून ‘पायथन मॅनेज.पीवाय रनसर्व्हर’ द्या.

इथे बरेच जण बिचकतात. लाल अक्षरांत मायग्रेशन (डेटाबेसमध्ये करायचे बदल) बाकी असल्याचा इशारा येतो आणि पुढची कमांड टाइप करायला टर्मिनल जागाच देत नाही. काही बिघडलेलं नसतं. ती खिडकी म्हणजेच तुमचा सर्व्हर. ती बंद केली की साइटही बंद. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८००० उघडा, रॉकेटचं चित्र दिसेल. त्याच वेळी टर्मिनलमध्ये विनंतीची नोंद पडते, शेवटाकडे २०० हा आकडा, म्हणजे पान नीट मिळालं. सोबत ‘फेव्हिकॉन’साठी ४०४ (‘सापडलं नाही’) आला तर सोडून द्या, ब्राउझर टॅबवरचं चिन्ह शोधत असतो एवढंच.

लाल इशारा घालवायला दुसरं टर्मिनल उघडा, ‘मॅनेज.पीवाय’च्या फोल्डरात जा, तिथेही एन्व्हायर्नमेंट चालू करा आणि ‘पायथन मॅनेज.पीवाय मायग्रेट’ द्या. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या फाइलमध्ये लागणारी टेबलं तयार होतात.

पोर्ट (पत्त्याच्या शेवटचा ८००० हा आकडा) आधीच वापरात असल्याचा निरोप आला, तर बहुधा जुना सर्व्हर कुठल्यातरी खिडकीत चालूच असतो. तो सापडेना तर ‘रनसर्व्हर ८०८०’ करा आणि ब्राउझरमध्येही तोच आकडा टाका.

हा सर्व्हर फक्त शिकण्या-बनवण्यापुरता आहे. खरी साइट त्यावर लोकांसमोर ठेवू नका. थांबवायला कंट्रोल-सी. उद्या पुन्हा बसाल तेव्हा एन्व्हायर्नमेंट चालू करून थेट रनसर्व्हर द्या. इन्स्टॉलची गरज नाही.