इंदूरहून पळते तारे कसे पाहावेत

सेकंदाला साधारण ३० किलोमीटरहून अधिक वेगाने आपल्या जन्मस्थानापासून दूर निघालेल्या ताऱ्यांना पळते तारे म्हणतात. हा वेग दुर्बिणीतून जाणवत नाही. तेव्हा योग्य तारा ओळखावा आणि तो का पळतो हे ठाऊक ठेवून पाहावा.

सरावासाठी भुजंगधारीतील झीटा हा तारा घ्यावा. मे महिन्यात, पावसाळी ढग येण्यापूर्वी, मध्यरात्रीनंतर ज्येष्ठेच्या सरळ उत्तरेला, हात लांब करून धरलेल्या दीड मुठीच्या अंतरावर तो गच्चीवरूनही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याचा जोडीदार अतिनवतारा होऊन फुटला आणि हा भिरकावला गेला, असे मानले जाते.

खरी कसोटी दक्षिण आकाशातील व्हेला तारकासमूहातल्या व्हेला एक्स-१ची आहे, कारण हा तारा पळतोही आणि सोबतीही राखून आहे. महाशिवरात्रीनंतरच्या अमावास्येला इंदूरच्या नैर्ऋत्येला असलेल्या जानापावच्या डोंगरावर जावे; शहराचा उजेड तेथे पाठीमागे, ईशान्येला राहतो. तारखेनुसार रात्री दहा ते बाराच्या दरम्यान, अगस्त्य नैर्ऋत्येला झुकलेला असताना, दक्षिण क्षितिजापासून सुमारे अडीच मुठी वर एक नारिंगी तारा दिसतो. तो लॅम्डा व्हेलोरम. द्विनेत्री त्यावर रोखून सुमारे ३ अंश वर आणि किंचित उजवीकडे ६.९ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा; तो जितका मोठा तितका तारा मंद) निळसर तारा शोधावा; तोच व्हेला एक्स-१. त्याभोवती दर नऊ दिवसांनी फेरी घालणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोट होऊन गेलेल्या सोबत्याचा उरलेला गाभा, अर्थातच दिसणार नाही. त्याची क्ष-किरणांची स्पंदने २८३ सेकंदांनी येतात.

स्फोटानंतरही ही गाठ टिकली कशी? फुटणाऱ्या ताऱ्याने आपला बराच वायू आधीच शेजाऱ्याला दिलेला असतो. स्फोट सर्व बाजूंनी सारखा झाला आणि जोडीचे निम्म्याहून कमी वस्तुमान उडून गेले, तर ती तुटत नाही, फक्त झटक्याने एकत्र निघते. स्फोट एकांगी झाला, तर मात्र बहुधा ताटातूट होते. व्हेला एक्स-१च्या पुढे, होडीच्या नाळेपुढे उठणाऱ्या लाटेसारखी तापलेल्या वायूची कमान १९९७ मध्ये सापडली, आणि पळण्याचा पुरावा हाती आला.

प्रत्येक पळत्या ताऱ्यामागे स्फोट मात्र गृहीत धरू नये. एई ऑरिगी आणि म्यू कोलंबी हे दोन तारे सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी मृग नक्षत्राच्या परिसरातून, निव्वळ ताऱ्यांच्या गर्दीतील गुरुत्वाकर्षणाच्या हिसक्याने, विरुद्ध दिशांना सेकंदाला सुमारे १०० किलोमीटर वेगाने सुटले आहेत.