ओढा म्हणजे अर्धी वाट: सिडनीच्या बुशवॉकमधल्या या चुका टाळा

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाच्या पायांना एक हिशेब पाठ असतो: आधी चढ, माथ्यावर डबा, मग उतार. जमत नसेल तर ते पहिल्या तासातच कळतं, आणि माघारी फिरलं तरी वाट खालीच जाते. सिडनीच्या उत्तरेकडच्या उपनगरांत बुशवॉकला, म्हणजे रानातल्या पायी भटकंतीला, निघालं की हा हिशेब उलटा होतो. घरं, दुकानं, रेल्वे स्टेशन सगळं वर धारेवर, आणि ओढा खाली घळीत. गाडी लावली की पहिलं पाऊल उतारालाच पडतं. पोरं पळत सुटतात, आजोबाही म्हणतात, "अरे, हे तर सोपंय." सोपं असतंच. चढ शेवटाला राखून ठेवलेला असतो, पाय दमल्यावर आणि बाटली रिकामी झाल्यावर.

उदाहरणाला हॉर्न्सबी उपनगरातला ब्लू गम वॉक घेऊ. रोझमीड रोडवरून सुरू होणारी सुमारे ४ किलोमीटरची फेरी. उंच ब्लू गमच्या, म्हणजे आपल्या निलगिरीच्या भाऊबंदांच्या, रानातून खाली बेरोवरा क्रीकवरच्या फिशपाँड्सच्या डोहाकडे आणि पुन्हा वर. (ठाण्याच्या माणसाला क्रीक म्हटलं की खाडी आठवते. इथे क्रीक म्हणजे साधा ओढा. गंमत अशी की हाच बेरोवरा क्रीक पुढे खाली गेल्यावर भरती-ओहोटीची खरीखुरी खाडी होतो.)

"चारच किलोमीटर तर आहे"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. प्रसंग जवळजवळ ठरलेला असतो. जूनमधला रविवार. पुण्याहून आई-बाबा आलेले, घरात दोन मुलं. जेवण उरकून निघेपर्यंत दोन वाजतात, ट्रॅकच्या तोंडाशी पोचायला तीन. सपाट रस्त्यावर चार किलोमीटरला तास लागतो, म्हणून परतायची वेळ चार धरलेली. पण दगडी पायऱ्या, मुळं आणि लहान मुलं असली की ताशी दोन किलोमीटर झाले तरी खूप. डोहावर पोचायला सव्वाचार वाजतात. तिथे थर्मासमधला चहा, चिवडा, फोटो. जूनमध्ये सिडनीत सूर्य पाचच्या आतच मावळतो, आणि घळीतलं ऊन त्याच्या कितीतरी आधी गेलेलं असतं. वर रस्त्यावर संधिप्रकाश असतो तेव्हा खाली पायाखालची पायरी दिसत नाही.

मग मोबाइलचा टॉर्च निघतो. बॅटरी फोटोंत अर्धी संपलेली, आणि घळीत सिग्नल शोधत राहिल्यामुळे फोन आणखी भरभर उतरतो. अंधारात फाट्यावर एक बाण दिसतो आणि सगळे हुश्श करून त्या बाणामागे जातात. तो बाण बहुधा ग्रेट नॉर्थ वॉकचा असतो. ही सिडनी ते न्यूकॅसल अशी सुमारे २५० किलोमीटरची वाट याच घळीतून जाते. तिच्या बाणांचं एक टोक सिडनीला आणि दुसरं न्यूकॅसलला. तुमच्या गाडीकडे त्यांतलं एकही जात नाही.

उपाय कंटाळवाणे आहेत, म्हणूनच कोणी करत नाही. फेरी सकाळी करायची. दुपारीच जायचं असेल तर सूर्यास्ताची वेळ पाहून त्याच्या दोन तास आधी गाडीपाशी परत, एवढाच नियम. ओढ्यावर पोचल्यावर घड्याळ बघायचं: उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दीडपट वर यायला धरायचा. मुलं असतील तर दुप्पट. बाटलीचंही तेच, ओढ्यावर ती निम्म्याहून जास्त भरलेली दिसली पाहिजे. उन्हाळ्यात मोठ्या माणसाला दीड ते दोन लिटर पाणी लागतं. पाण्याची एक बाटली गाडीतही ठेवावी. नकाशा घरच्या वाय-फायवर उतरवून घ्यावा आणि ट्रॅकच्या तोंडाशी लावलेल्या फलकाचा फोटो काढावा. प्रत्येक फाट्यावर थांबून आपल्या फेरीचं नाव वाचल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. जवळच्या ओल्ड मॅन्स व्हॅलीत माउंटन बाइकचे ट्रॅक आहेत. तेही वाटेसारखेच दिसतात आणि "इकडून शॉर्टकट असेल" असं वाटायला लावतात. सुटलेली वाट शोधायला झाडीत घुसू नका. शेवटची खात्रीची खूण जिथे दिसली तिथवर आल्या वाटेने परत जा. आणि कपाळावर बांधायचा साधा हेडलॅम्प पिशवीत कायमचा ठेवा, दिवसाच्या फेरीलाही. फोन हा टॉर्च नव्हे, तो ट्रिपल झीरोला, म्हणजे ००० या आणीबाणीच्या नंबरला, फोन करण्यासाठी आहे. एमर्जन्सी प्लस हे ॲप आधीच टाकून ठेवा. त्यात आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश दिसतात, ते ऑपरेटरला वाचून दाखवता येतात. "झाडाजवळ, दगडाच्या पलीकडे" यावरून कोणी कोणाला शोधू शकत नाही.

साप चावला तर भारतात शिकलेलं इथे चालत नाही

दुसरी चूक मराठी घरांत हमखास दिसते. भारतात अलीकडे आपल्याला बजावून सांगितलं जातं की सर्पदंशावर काही आवळून बांधू नका. घोणस किंवा फुरसं चावलं तर विष चावल्या जागचं मांस सडवतं, आणि पट्टी आवळली की नुकसान वाढतं. तिथे ते बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात चावणारे विषारी साप नागाच्या कुळातले. त्यांचं विष मुख्यतः लसिकावाहिन्यांतून, म्हणजे कातडीखालच्या बारीक नळ्यांतून, अंगभर पसरतं, म्हणून इथे त्या दाबून धरणारी दाबपट्टी हाच पहिला उपचार. सिडनीतल्या फनेल-वेब कोळ्यालाही हेच लागू. रेडबॅक कोळ्याला मात्र पट्टी नको, बर्फ लावायचा.

पट्टी कशी हवी ते नीट बघा. घरातली जुनी क्रेप बँडेज सैल पडते. १० ते १५ सेंटिमीटर रुंदीची जाड इलॅस्टिक पट्टी घ्या, निदान दोन. काही पट्ट्यांवर आयत छापलेले असतात, योग्य ताण दिला की ते चौरस होतात. नवख्यांनी त्याच घ्याव्यात. चावलेल्या माणसाला जिथे आहे तिथेच बसवा, एक पाऊलही चालू देऊ नका. पँट काढू नका, जखम धुऊ नका, चिरू नका, चोखू नका. पहिली पट्टी चावल्या जागेवर, दुसरी बोटांच्या जरा वरून सुरू करून हाता-पायावर जाईल तितकी वर. पट्टीखाली बोट सहज सरकत नसेल तर ताण बरोबर आहे. बोटं निळी पडली तर जास्त झाला. चावल्या जागी पट्टीवर पेनाने खूण करा. मग काठीचा आधार लावून तो अवयव हलणार नाही असा बांधा. सिग्नल नसेल तर एकाने धारेवर जाऊन फोन करायचा, दुसऱ्याने जवळ बसून राहायचं. सापाचा फोटो काढायला त्याच्या मागे जाणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

बाकीच्या, थोडक्यात

सपाट तळव्याच्या चपला नकोत. ओढ्याकाठचा ओला, हिरवट सँडस्टोन साबणासारखा असतो. कोरडा दगड दिसला तरच त्यावर पाय.

पावसानंतर ओढा ओलांडू नका. वरच्या उपनगरातल्या छपरांचं आणि रस्त्यांचं पाणी थेट घळीत उतरतं, त्यामुळे तो झपाट्याने चढतो. त्याच कारणाने ते पाणी पिऊ नका आणि पाऊस पडून गेल्यावर तीन दिवस तरी पोरांना डोहात सोडू नका. उकळून जंतू मरतात, रस्त्यावरचं तेल नाही.

मोठ्या गमच्या झाडाखाली चटई अंथरू नका. या झाडांच्या जाड फांद्या वारा नसतानाही मोडून पडतात. सोसाट्याचा वारा असेल तर फेरीच नको.

१ ऑक्टोबर ते ३१ मार्च हा इथे वणव्याचा हंगाम. निघण्याआधी हॅझर्ड्स निअर मी हे वणव्याचे इशारे देणारं ॲप बघा. आगीचा धोका 'एक्स्ट्रीम' दाखवत असेल तर तो दिवस मॉलमध्ये काढा.

निर्माल्य ओढ्यात सोडू नका. संत्र्याची सालंही परत आणा, ती महिनोन्महिने तशीच पडून राहतात. आणि डबा उघडा ठेवलात तर ब्रश टर्की नावाचा काळा, लाल डोक्याचा पक्षी तुमच्याआधी जेवेल.

परत निघताना आणि घरी आल्यावर

गाडीत बसण्याआधी बुटांच्या तळव्यांची माती तिथेच ब्रशने घासून टाका आणि वर स्पिरिट फवारा. फायटोप्थोरा नावाचा झाडांची मुळं कुजवणारा रोग या मातीतून एका रानातून दुसऱ्या रानात जातो. ट्रॅकच्या तोंडाशी घासणी बसवलेली असेल तर ती जाता-येता दोन्ही वेळा वापरायची असते.

घरी गोचीड शोधा: कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, कमरपट्ट्याखाली. सापडली तर उपटायची नाही, नखाने तर नाहीच. दाबलं की ती आणखी विष आत सोडते. रॉकेल, गोडं तेल, पेटती काडी हे गावाकडचे उपायही नकोत. फार्मसीत ईथर असलेला गोचीड गोठवणारा स्प्रे मिळतो. तो मारून तिला जागीच मारायचं आणि आपोआप गळू द्यायचं. टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक पिल्लांवर परमेथ्रिन या कीटकनाशकाची क्रीम लावायची. आधी कधी गोचीडाची ॲलर्जी झाली असेल तर घरी हात न लावता थेट दवाखाना. कपडे धुण्याआधी २० मिनिटं ड्रायरमध्ये गरम हवेवर फिरवा, नुसत्या धुण्याने गोचीड मरतेच असं नाही.