फ्लॅटचे फोटो एआयकडून एडिट करताय? या चुका टाळा

पुण्यात फ्लॅटचे फोटो काढून एडिट करून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. एआय आल्यापासून नवी मुलं एका संध्याकाळी सहा फ्लॅट उरकतात आणि दुसऱ्या दिवशी एजंट मला फोन करतात, "दादा, एवढं जरा नीट करून द्या ना." चुका त्याच त्याच असतात.

सगळ्यात महाग पडते ती ही: वस्तू पुसली गेली की नाही एवढंच बघायचं, तिच्या जागी एआयने काय भरलं ते बघायचंच नाही. कोथरूडच्या एका रीसेल टू बीएचकेच्या गॅलरीत कपड्यांचा स्टँड होता. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलाने फोटोशॉपच्या जनरेटिव्ह फिलमध्ये (निवडलेल्या जागी एआय नवं चित्र भरतं ते टूल) त्याच्याभोवती ऐसपैस सिलेक्शन केलं. त्यात समोरच्या बिल्डिंगची भिंतही आली आणि एआयने तिथे झाडं लावून दिली. मोबाइलवर फोटो सुरेख दिसला, मीही घाईत "पाठव" म्हणालो. रविवारी एक कुटुंब आजींना घेऊन आलं. आजींना सकाळी झाडांसमोर बसायला गॅलरी हवी होती. दार उघडलं तर दहा फुटांवर शेजारच्यांचे ड्रेनेजचे पाइप. आजी काही न बोलता जिन्याकडे वळल्या. एजंटने नंतर मला जे सुनावलं ते रास्तच होतं.

तेव्हापासून सिलेक्शन वस्तूला चिकटून आणि एका वेळी एकच वस्तू. एआयने भरलेला नवा लेयर (वरचा थर) चालू-बंद करून शंभर टक्के झूमवर मूळ फोटोशी ताडून बघतो. खिडकीबाहेरचं काहीही एआयला बनवू देत नाही. बाहेरचा भाग पांढरा पडणार हे ठाऊक असतं, म्हणून कमी एक्सपोजरचा, म्हणजे मुद्दाम काळसर, एक शॉट घेतलेला असतो, तोच खिडकीपुरता मास्क करून बसवतो.

काय पुसायचं? मालक घर सोडताना जे सोबत नेणार, तेवढंच. बादली, कॅलेंडर, गॅस सिलिंडर खुशाल काढा. ओल, तडा, बीम, समोरचा ट्रान्सफॉर्मर तसाच राहू द्या. नव्या प्रोजेक्टच्या जाहिरातीत तर हा कायद्याचाच मामला आहे: रेरा कायदा २०१६, कलम १२. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्याला बिल्डरकडून नुकसानभरपाई मागता येते, बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत.

दुसरी चूक रिकाम्या खोलीत फर्निचर बसवताना होते. इथे माझा भरवसा टाइलवर. बऱ्याच फ्लॅटमध्ये दोन बाय दोनच्या टाइल असतात. पाच मोजल्या की खोली दहा फुटांची. किंग बेड सहा फूट रुंद, म्हणजे तीन टाइल. एआयचा बेड दोनच टाइल अडवत असेल तर त्याने बेड आखडून खोली फुगवली आहे. तो फोटो वापरू नका. टाइल मोजायला अर्धा मिनिट लागतो; तेवढाही धीर नसेल तर हे काम घेऊ नका.

पूर्वेच्या गॅलरीत सूर्यास्त बसवू नका. आपल्याकडे गिऱ्हाईक आधी दिशा विचारतं.

भिंतींच्या उभ्या रेषा एआयकडे देण्याआधी सरळ करा.

पिवळे दिवे बंद करून शूट करा, व्हाइट बॅलन्सची (पांढरं पांढरंच दिसावं याची) निम्मी कटकट तिथेच मिटते.

फर्निचर बसवलेल्या प्रत्येक फोटोसोबत मी त्याच कोनातला रिकाम्या खोलीचा फोटो देतो. "फर्निचर काल्पनिक" हे शब्द फोटोवरच लिहितो, कारण व्हॉट्सअॅपवर फोटो चार ठिकाणी फिरला की खालची कॅप्शन कुठेतरी गळून पडते.